जनुके तीच, वाचन निराळे : लिंगभेद, मेंदू आणि अवधान

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके असतात. यकृताच्या पेशीत जी असतात तीच मेंदूच्या पेशीतही असतात. त्यांतली कोणती वाचली जातात, किती प्रमाणात आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, यावर पेशीचे रूप आणि काम ठरते. जनुकावरून आरएनएची प्रत निघणे आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनणे, या सगळ्या व्यवहाराला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. पेटीच्या पट्ट्या सगळ्यांकडे सारख्याच असतात. राग ठरतो तो कोणती पट्टी केव्हा आणि किती वेळ दाबली यावर. स्त्री-पुरुषांच्या मेंदूंतल्या फरकाचा प्रश्नही मुख्यतः याच पातळीवरचा आहे. पुरुषाकडे वाय गुणसूत्रावरची मोजकी जनुके जास्त असतात, एवढे सोडले तर दोघांचा जनुकसंग्रह एकच आहे.

हा फरक केवढा आहे, याचा मोठा हिशोब जीटेक्स या अमेरिकी प्रकल्पातून मिळाला. मृत्यूनंतर दान केलेल्या शरीरांतून निरनिराळ्या ऊतींचे नमुने घ्यायचे आणि त्यांतला आरएनए मोजायचा, हे या प्रकल्पाचे काम. २०२० साली ‘सायन्स’मध्ये ८३८ व्यक्ती आणि ४४ प्रकारच्या ऊतींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ३७ टक्के जनुके किमान एका ऊतीत तरी स्त्रियांत आणि पुरुषांत कमीअधिक प्रमाणात वाचली जातात, असे त्यात दिसले. हा आकडा पुन्हापुन्हा सांगितला जातो. यांतले बहुतेक फरक अगदी बारीक आहेत, हे त्याच निबंधातले विधान तेवढे सांगितले जात नाही. केवळ मेंदूपुरते पाहायचे तर लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली निरोगी व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूंचे बारा भाग तपासले होते. तिथे वाचल्या जाणाऱ्या जनुकांपैकी सुमारे अडीच टक्क्यांत स्त्री-पुरुष फरक सापडला. ३७ आणि अडीच या आकड्यांत विरोध नाही. नमुने वाढले की लहान फरकही संख्याशास्त्राच्या चाळणीत अडकतात, आणि ‘कोणत्या तरी एका ऊतीत’ ही अट मुळातच सैल आहे. मेंदूत ठळकपणे उठून दिसतात ती एक्स आणि वाय गुणसूत्रांवरची जनुके. बाकीच्या बावीस जोड्यांवरच्या जनुकांत फरक असतो, पण तो दोन सरासऱ्यांतला; व्यक्तिव्यक्तींमधले अंतर त्याहून कितीतरी मोठे असते.

फरक निर्माण होण्याच्या दोन वाटा आहेत. एक संप्रेरकांची आणि दुसरी थेट गुणसूत्रांची. पहिली आधी सापडली, म्हणून दीर्घ काळ तीच एकमेव मानली गेली.

संप्रेरकांच्या वाटेची सुरुवात वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या एका जनुकापासून होते. १९९० साली लंडनमध्ये पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी ते शोधले. गर्भात ते थोडा काळ वाचले जाते आणि तेवढ्यावर अविकसित जननग्रंथीचे वृषण होते. पुढच्याच वर्षी हे जनुक एक्सएक्स गुणसूत्रे असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातले, तेव्हा तो उंदीर नर म्हणून वाढला. वृषणातून टेस्टोस्टेरॉन झरू लागते आणि रक्तावाटे मेंदूत पोचते. या संप्रेरकाचे काम दोन प्रकारचे असते, ही कल्पना १९५९ साली कॅन्सस विद्यापीठातल्या फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग या चौघांनी मांडली. गाभण गिनीपिगांना त्यांनी टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठेपणी मादीसारखे वर्तन कमी आणि नरासारखे जास्त करू लागल्या. म्हणजे जन्माआधीचे संप्रेरक मेंदूची कायमची घडण करते आणि वयात आल्यावरचे संप्रेरक त्या घडलेल्या मेंदूला चालना देते. ही विभागणी आजही टिकून आहे. मधल्या काळात पौगंडावस्था हाही घडणीचाच एक कालखंड असल्याचे दिसून आले, एवढी भर तीत पडली.

उंदरांच्या मेंदूत या वाटेवर एक चमत्कारिक वळण आहे. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरते आणि अॅरोमॅटेज हे एन्झाइम त्याचे इस्ट्राडायॉल करते. ज्याला सर्रास स्त्रीसंप्रेरक म्हटले जाते, तेच नवजात उंदराचा मेंदू नराचा घडवते. मादी पिलांच्या रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्राडायॉलला बांधून ठेवते, म्हणून त्यांचा मेंदू यातून सुटतो. माणसात मात्र टेस्टोस्टेरॉनचा स्वतःचा ग्राहक, म्हणजे त्याला ओळखून धरणारे पेशीतले प्रथिन, अधिक महत्त्वाचा दिसतो. हा ग्राहक जन्मतः निकामी असलेल्या एक्सवाय व्यक्तींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, अॅरोमॅटेजही असते. तरी त्या बहुधा मुली म्हणूनच वाढतात. उंदरावरचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लावू नये, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

या संप्रेरकांचे ग्राहक पेशीच्या केंद्रकात शिरून थेट डीएनएवर बसतात आणि जवळची जनुके वाचायला लावतात किंवा त्यांचे वाचन थांबवतात. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या जेसिका टॉलकून यांच्या गटाने २०२२ साली उंदराच्या मेंदूत इस्ट्रोजेनचा ग्राहक डीएनएवर नेमका कुठे बसतो याचा नकाशा काढला. जन्मानंतरच्या इस्ट्राडायॉलच्या एका लाटेने चालू झालेले नर-छापाचे जनुकवाचन पुढे ती लाट ओसरल्यावरही टिकून राहते, असे त्यांना दिसले. हे टिकते कसे, याचे उत्तर मेंदूच्या प्रीऑप्टिक या प्रजननाशी संबंधित भागावर चाललेल्या कामातून थोडेफार मिळते. बाल्टिमोरच्या मार्गारेट मॅकार्थी यांनी २००४ साली दाखवले, की इस्ट्राडायॉलचा हुकूम तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ मार्फत पोचतो. ताप आणि सूज यांच्याशी संबंधित असलेला हा रेणू. मादी पिलांना तो दिला तर त्यांच्या चेतापेशींवर नरांइतके दाट काटे, म्हणजे इतर पेशींशी जोडणी करणारे बारीक उभार, उगवतात आणि मोठेपणी त्यांचे वर्तन नरासारखे होते. पुढे या साखळीत मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशीही सामील असल्याचे आढळले. प्रतिकारशक्तीची सामग्री मेंदूची लैंगिक घडण करण्यासाठी वापरली जाते, हे कोणी आधी वर्तवले नव्हते.

२०१५ साली याच गटाने आणखी एक दाखवून दिले. मादी पिलांच्या प्रीऑप्टिक भागात डीएनएवर मेथिल गट चिकटवणारी एन्झाइमे जास्त कार्यरत असतात आणि नर-छापाची जनुके त्यामुळे बंद राहतात. ही एन्झाइमे रोखली तर मादीचा मेंदू नराच्या वळणावर जातो. मादीचा मेंदू म्हणजे काहीच न घडता आपोआप तसा राहिलेला मेंदू, ही पाठ्यपुस्तकांतली जुनी समजूत इथे मोडली. तो तसा राहण्यासाठीही जनुकांना सतत काम करावे लागते. अर्थात हे सारे बारकावे प्रजननाशी संबंधित भागातले आहेत. अवधान सांभाळणाऱ्या भागांबद्दल इतकी नेमकी साखळी अजून हाती आलेली नाही.

दुसरी वाट गुणसूत्रांची. तिचा पहिला पुरावा मेंदूतच सापडला होता, आणि तोही दुसरेच काही शोधताना. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधील लंडन गावी मरी बार आणि त्यांचे विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम मांजराच्या चेतापेशी थकल्यावर त्यांत काय बदल होतात ते पाहत होते. माद्यांच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो आणि नरांच्या पेशींत तो नसतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९४९ साली हे प्रसिद्ध झाले. हा ठिपका म्हणजे आक्रसलेले एक्स गुणसूत्र होय, हे दहा वर्षांनी सुसुमू ओह्नो यांनी दाखवले. १९६१ साली इंग्लंडमधल्या हार्वेल इथे मेरी लायन यांनी ठिपकेदार उंदरांच्या कातडीवरून सिद्धान्त मांडला, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र भ्रूणावस्थेतच बंद केले जाते. कोणते बंद व्हायचे हे बहुतांशी योगायोगाने ठरते आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सर्व पेशी तीच निवड पाळतात. काळ्या-नारिंगी ठिपक्यांचे मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, त्याचे कारण हेच. बंद करण्याचे काम एक्सआयएसटी हे जनुक करते. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. त्याचा लांबलचक आरएनएच गुणसूत्रावर पांघरुणासारखा पसरतो.

दोन एक्स आणि एक एक्स यांच्यातला हिशोब मिटवण्याची ही सस्तन प्राण्यांची रीत. फळमाशीने नेमकी उलटी रीत शोधली आहे. तिथे नराचे एकुलते एक एक्स दुप्पट वेगाने वाचले जाते. १९६५ साली कोलकात्याच्या ए. एस. मुखर्जी यांनी वोल्फगांग बीअरमान यांच्यासोबत हे थेट मोजून दाखवले. गुणसूत्रांच्या भारतीय अभ्यासातली ही एक मानाची जागा आहे आणि तिची आठवण क्वचितच काढली जाते.

मेंदूच्या दृष्टीने एक्स बंद करण्याच्या यंत्रणेचे दोन परिणाम महत्त्वाचे. पहिला असा, की स्त्रीचा मेंदू दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असतो: काहींत आईकडून आलेले एक्स चालू, काहींत वडिलांकडून आलेले. एका एक्सवरचे जनुक सदोष असेल तर सुमारे अर्ध्या पेशी तरी निर्दोष जनुक वापरतात. पुरुषाला ही सोय नाही. मेंदूच्या घडणीशी निगडित जनुके एक्सवर मोठ्या प्रमाणात आहेत आणि बौद्धिक दुर्बलतेची अनेक कारणे याच गुणसूत्रावर सापडतात. ती मुलग्यांत जास्त दिसतात ती यामुळे. फ्रॅजाइल एक्स हा विकार याचा नमुना. त्याचे एफएमआर-१ हे जनुक १९९१ साली ओळखले गेले. जनुकाच्या सुरुवातीचे सीजीजी हे तीन अक्षरांचे पद दोनशेपेक्षा जास्त वेळा सलग आले की त्यावर मेथिल गट चढतात आणि जनुक मुके होते. जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या मजकुरात चूक नसते; तो वाचला जात नाही इतकेच. या विकाराच्या मुलग्यांत अवधानाचे दौर्बल्य जवळजवळ ठरलेले असते. मुलींत त्याची तीव्रता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलते आणि ती बऱ्याच अंशी किती पेशींत कोणते एक्स चालू आहे यावर अवलंबून असते.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. बंद केलेले एक्स पूर्ण बंद नसते. २००५ साली लॉरा कॅरेल आणि हंटिंग्टन विलार्ड यांनी सुमारे १५ टक्के जनुके बंदीतून कायम निसटतात आणि आणखी १० टक्के काही स्त्रियांत निसटतात, असे दाखवले. निसटलेली जनुके स्त्रीच्या पेशीत दोन्ही प्रतींवरून वाचली जातात. केडीएम-६ए आणि केडीएम-५सी ही त्यांतली दोन जनुके, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा पुसतात आणि त्यातून इतर शेकडो जनुकांचे वाचन बदलू शकतात. एक्सवरच्या एका जनुकाचा थोडासा जास्त डोस सगळ्या जनुकसंग्रहात असा पसरतो.

संप्रेरक आणि गुणसूत्र यांचा वाटा वेगळा काढणे अवघड, कारण निसर्गात ते जोडीनेच येतात. एकदा निसर्गानेच हा प्रयोग करून दिला. २००३ साली रॉबर्ट एगेट आणि आर्थर आर्नल्ड यांनी एका झेब्रा फिंच पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे उजवे अंग नराचे होते आणि डावे मादीचे. दोन्ही अर्ध्या मेंदूंना एकाच रक्तातून एकच संप्रेरके मिळत होती. तरी गाणे सांभाळणारा पेशीपुंज उजवीकडे मोठा निघाला. डावीकडचाही सामान्य मादीपेक्षा मोठाच होता. दोन्ही वाटा एकाच डोक्यात दिसल्या. प्रयोगशाळेत हेच काम चार जनुकप्रकारांच्या उंदरांवर होते. त्यांच्यात एसआरवाय जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलेले असते, त्यामुळे एक्सएक्स नर आणि एक्सवाय मादीही मिळतात. मेंदूतले बहुतेक ठळक फरक वृषण की अंडाशय यावर ठरतात, असे या उंदरांनी दाखवले. काही फरक मात्र गुणसूत्रांमागे जातात, उदाहरणार्थ मेंदूच्या सेप्टम भागातल्या व्हॅसोप्रेसिन या संदेशवाहक रेणूच्या तंतूंची घनता. २०२४ साली या उंदरांच्या एका मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या वाणात एक्सचा तुकडा वायवर सरकलेला आढळला. त्या वाणावरचे आधीचे काही निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासावे लागणार आहेत.

आता अवधान. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० साली अवधानाची तीन वेगळी जाळी मानली: जागे-सावध राहणे, योग्य दिशेला वळणे आणि विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारून हातातल्या कामावर टिकणे. पहिल्यासाठी नॉरअॅड्रेनलिन आणि तिसऱ्यासाठी प्रीफ्राँटल कॉर्टेक्समधले, म्हणजे कपाळामागच्या भागातले डोपामिन महत्त्वाचे. स्त्रियांचे अवधान अधिक की पुरुषांचे, हा प्रश्न म्हणूनच सरळ विचारता येत नाही. फिलाडेल्फियात ८ ते २१ वर्षे वयाच्या हजारो मुलामुलींच्या चाचण्यांत मुली अवधानात आणि शब्द-चेहऱ्यांच्या स्मृतीत सरासरीने किंचित पुढे, तर मुलगे अवकाशीय कामांत पुढे आढळले. या फरकांहून मुलीमुलींमधले आणि मुलग्यामुलग्यांमधले अंतर खूप मोठे आहे.

जनुकाचे वाचन बदलले की अवधान बदलते, आणि तेही विशिष्ट वयातच, हे २०२४ साली प्रिया राजसेतुपती यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने होमर-१ या जनुकावर दाखवले. वंशवैविध्य असलेल्या सुमारे दोनशे उंदरांत ज्यांचे अवधान चांगले, त्यांच्या कपाळामागच्या भागात या जनुकाचे काही रूप कमी वाचले जात होते. पिलांच्या वाढीच्या एका ठरावीक काळात ते कमी केले तर उंदीर पुढे अधिक एकाग्र निघाले. मोठेपणी कमी करून काही साधले नाही. इथे लिंगभेद हा मुद्दा नव्हता. पण वेळ चुकली तर तोच बदल निष्फळ ठरतो, हे संप्रेरकांच्या प्रयोगांतले तत्त्व अवधानालाही लागू पडते.

डोपामिनच्या बाबतीत लिंगभेद थेट दिसतो. कपाळामागच्या भागात डोपामिन मोडण्याचे काम मुख्यतः सीओएमटी हे एन्झाइम करते. त्याच्या जनुकाचा एक प्रकार चपळ एन्झाइम देतो आणि दुसरा मंद. इस्ट्रोजेन या जनुकाचे वाचन कमी करते, आणि पुरुषांत त्या भागातली एन्झाइमची क्रिया स्त्रियांपेक्षा थोडी जास्त आढळते. डोपामिन फार कमी असले तरी काम बिघडते आणि फार जास्त असले तरी बिघडते. मधली पातळी सर्वोत्तम. २०११ साली बर्कली इथे एमिली जेकब्स आणि मार्क डी’एस्पोझिटो यांनी तरुण स्त्रियांना मासिक पाळीच्या दोन टप्प्यांवर कार्यकारी स्मृतीची कामे दिली. चपळ एन्झाइमच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन जास्त असताना काम सोपे गेले, मंद एन्झाइमच्या स्त्रियांना नेमके तेव्हाच ते जड गेले. ‘इस्ट्रोजेनमुळे एकाग्रता वाढते’ आणि ‘इस्ट्रोजेनमुळे एकाग्रता घटते’ ही दोन्ही विधाने यावरून खरी ठरतात, म्हणजेच एकही पुरेसे नाही. स्त्रियांची सरासरी काढली असती तर दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन निकाल शून्य आला असता.

नॉरअॅड्रेनलिनचा मोठा साठा लोकस सेरुलियस या मेंदूच्या खोडातल्या चिमुकल्या पेशीपुंजात असतो. तिथल्या पेशी मध्यम वेगाने चेतल्या तर लक्ष टिकते. सतत जोरात चेतत राहिल्या तर प्राणी दचकरा आणि अस्थिर होतो. तणावात सीआरएफ हे संप्रेरक त्यांचा वेग वाढवते. फिलाडेल्फियात डेब्रा बँगासर आणि रीटा व्हॅलेंटिनो यांनी २०१० साली उंदरांवर दाखवले, की सीआरएफचा ग्राहक माद्यांत पेशीच्या आतल्या संदेशयंत्रणेला अधिक घट्ट जोडलेला असतो. तणावानंतर नरांत हे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, माद्यांत बाहेरच राहतात. जनुकाच्या वाचनात नव्हे, तर बनलेल्या प्रथिनाच्या वागणुकीत हा फरक आहे, आणि फक्त आरएनए मोजणाऱ्या अभ्यासाला तो कधीच दिसला नसता. वाचनातलेही फरक तिथे आहेत. सेंट लुईसमधल्या एका गटाने उंदरांच्या याच पेशींत मोजले, तेव्हा प्रोस्टाग्लँडिनचा एक ग्राहक माद्यांत जास्त वाचला जातो असे आढळले.

एका जनुकापासून अवधानापर्यंतची सर्वांत लांब साखळी जोडली गेली आहे ती एसटीएस या जनुकाबाबत. एक्सच्या टोकाजवळ असलेले हे जनुक स्टिरॉइड सल्फेटेज हे एन्झाइम बनवते. ते डीएचईए-सल्फेटवरचा सल्फेट गट काढते. डीएचईए-सल्फेट मेंदूत गाबा या शामक रेणूच्या ग्राहकाला अडवते, म्हणून एन्झाइम कमीजास्त झाले की चेतापेशींचा तोल बदलतो. माणसात एसटीएस बंदीतून निसटणाऱ्या जनुकांपैकी आहे. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा जास्त वाचले जाते, तरी दुप्पट नव्हे. काही मुलग्यांच्या एक्सवरून हा भाग जन्मतः गळालेला असतो. त्यांच्या त्वचेवर कोरडे तपकिरी खवले येतात. हा त्वचाविकार वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचा अवधानाशी संबंध तपासायचे कोणाला सुचले नव्हते. २००८ साली इंग्लंडमध्ये अशा २५ मुलग्यांची पाहणी झाली. ४० टक्क्यांना अवधानाची कमतरता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी आढळली, आणि त्यांतल्या बहुतेकांत चंचलतेपेक्षा लक्ष न लागण्याची लक्षणे प्रमुख होती. शेजारचे एनएलजीएन-४एक्स हे जनुकही गेलेल्या मुलांत स्वमग्नतेची लक्षणे दिसली. ती एसटीएसच्या नावे लावता येत नाहीत. केंब्रिज आणि कार्डिफ इथे विल्यम डेव्हिस यांनी उंदरांवर हीच गोष्ट पाच छिद्रांच्या चाचणीत पाहिली. पाचपैकी ज्या छिद्रात क्षणभर दिवा लागेल तिथे उंदराने नाक घालायचे, की खाऊ मिळतो. एकच एक्स असलेल्या माद्या या कामात मागे पडत. एसटीएस असलेला गुणसूत्राचा तुकडा जादा दिला तर त्या सुधारत. सामान्य उंदरांना एन्झाइम रोखणारे औषध दिले तर त्यांचा नेम बिघडे.

टर्नर सिंड्रोममध्ये मुलींना एकच एक्स असते. दर दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीत ते आढळते. भाषेची बुद्धी सहसा शाबूत राहते, पण अवकाशीय कामे आणि अवधान यांत अडचण येते. एसटीएसची एकच प्रत हे त्याचे कारण म्हणावे, असा मोह उंदरांच्या प्रयोगांवरून होतो. पण हिशोब जुळत नाही. माणसाच्या वायवरचे एसटीएस उत्क्रांतीत निकामी झालेले असल्याने सर्वच पुरुषांकडे एकच चालू प्रत असते. टर्नरच्या मुलींचा डोस पुरुषांइतकाच असताना त्यांची अडचण मात्र पुरुषांहून जास्त, म्हणून कारण दुसरीकडे शोधावे लागते: एक्स आणि वाय दोन्हींवर जिवंत असलेल्या जनुकांत, आणि अंडाशय क्षीण झाल्यामुळे न मिळालेल्या इस्ट्रोजेनमध्ये. उंदरात एसटीएस अशाच सामायिक भागात असते, तिथे त्याचा हिशोब वेगळा होतो.

जनुकवाचनात फरक सापडला म्हणजे वर्तनात फरक असणारच, हे गृहीत धरण्याची सवय या क्षेत्रात खोल रुजली आहे. गीर्ट डी व्हरीस यांनी २००४ साली तिला उघड आव्हान दिले. प्रेअरी व्होल या उंदीरवर्गीय प्राण्यात सेप्टममधले व्हॅसोप्रेसिनचे तंतू नरांत कितीतरी दाट असतात, तरी नर आणि मादी दोघेही पिलांची जवळजवळ सारखीच काळजी घेतात. गर्भारपणाची संप्रेरके नराला मिळत नाहीत. ती उणीव व्हॅसोप्रेसिनने भरून निघत असावी. इथे मेंदूतला फरक वर्तनातले साम्य राखायला उपयोगी पडतो. कॅथरिन वुली यांच्या शिकागोजवळच्या प्रयोगशाळेने हेच पेशीच्या पातळीवर दाखवले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये इस्ट्राडायॉल नर-मादी दोघांच्याही चेतासंधी सारख्याच बळकट करते, पण ती सुरुवात करायला पीकेए हे एन्झाइम फक्त माद्यांना लागते. या एन्झाइमला रोखणारे औषध दिले तर एरवी न दिसणारा फरक अचानक उघडा पडेल. औषधांच्या चाचण्या दोन्ही लिंगांवर करण्याचे सर्वांत भक्कम कारण कदाचित हेच असावे.

तसे होत मात्र नव्हते. २०११ साली अनालीझ बीरी आणि अर्विंग झुकर यांनी मोजले, तेव्हा चेताविज्ञानातल्या एकाच लिंगावरच्या प्राणिप्रयोगांत नरांवरचे प्रयोग माद्यांवरच्यांच्या साडेपाच पट निघाले. माद्यांचे ऋतुचक्र मोजमापांत गोंधळ घालते, ही त्यामागची सबब. पुढे शेकडो अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा ना वर्तनात ना जनुकवाचनात माद्यांची चंचलता नरांहून अधिक आढळली. एका पिंजऱ्यात राहणाऱ्या नरांमधली उतरंडही टेस्टोस्टेरॉनची पातळी हलवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ पासून दोन्ही लिंगांचा विचार संशोधनाच्या आराखड्यात बंधनकारक केला.

मानवी नमुन्यांची आणखी एक मर्यादा आहे. मरणोत्तर मेंदूतला आरएनए सांगतो तो त्या व्यक्तीच्या अखेरच्या काळातला वृत्तान्त. औषधे, तणाव, आहार, व्यवसाय, घरातले स्थान या सर्वांनी जनुकवाचन बदलते, आणि या बाबतींत स्त्री-पुरुषांची आयुष्ये सारखी नसतात. २०१७ साली नैराश्यग्रस्त स्त्रिया आणि पुरुष यांच्या मेंदूंतले जनुकबदल ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत फारच थोडे समान निघाले. त्यातले जन्मजात किती आणि जगण्याने आलेले किती, हे अशा नमुन्यातून वेगळे काढता येत नाही.

एडीएचडीबाबत हा गुंता व्यवहारात येतो. सर्वसाधारण लोकसंख्येत मुलग्यांत तो मुलींच्या दोन ते तीन पट आढळतो, दवाखान्यात येणाऱ्यांत त्याहून जास्त. प्रौढांत हे अंतर जवळपास मिटते. मुलग्यांच्या आणि मुलींच्या एडीएचडीची आनुवंशिक कारणे वेगळी असावीत, ही अपेक्षा खोटी ठरली. २०१८ साली मोठ्या नमुन्यांवर पाहिले, तेव्हा नेहमी आढळणारी जी जनुकीय रूपे धोका वाढवतात, ती दोघांत जवळजवळ तीच निघाली. निदान झालेल्या मुलींच्या भावंडांत मात्र हा विकार निदान झालेल्या मुलग्यांच्या भावंडांपेक्षा जास्त आढळतो. लक्षणे उमटायला मुलीवर आनुवंशिक भार अधिक असावा लागतो, असा त्याचा एक अर्थ होतो. दुसरा अर्थ असा, की तीव्र लक्षणे असल्याशिवाय मुलीचे निदानच होत नाही. वर्गात गोंधळ घालणारा मुलगा शिक्षकाला दिसतो, खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी दिसत नाही. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत पूर्वी लक्षणे सात वर्षांच्या आत दिसलेली असणे आवश्यक होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही मर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली आणि प्रौढांसाठी लागणाऱ्या लक्षणांची संख्या सहावरून पाचवर आणली गेली. अभ्यासाचा ताण वाढल्यावर, पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर ज्यांची अडचण प्रथम उघड होते, अशा मुली त्यामुळे निदानाच्या कक्षेत आल्या.